सावडीचं दूध

॥ श्री येडेश्वरी प्रसन्न ॥

टॉवर लाईन कॅम्प, अरुणाचल
ता. २ ऑगस्ट २०२४

ती. सौ. दैवशाला वहिनीस,
योगीराजचा शि. सा. न. वि. वि.

इकडं म्या खुशाल हाय, तिकडची खुशाली कळवावी, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आता खरं लिहितो.

आमचा कॅम्प डोंगराच्या पार आत हाय. मोबाईलला एक काडी येत न्हाय. रेशनची गाडी पंधरवड्यानं खाली बाजारगावात जाते, तिच्यात नंबर लागला तरच फोन. मागल्या खेपेला लावला तर दादा म्हणला, सगळं बरं हाय. तुमच्याकडं दिला तर तुम्ही पण म्हणला, सगळं बरं हाय. मग माय आली, तिनं बी तेच म्हणलं. तिघांनी एकच धडा पाठ म्हणल्यावर मला शंका आली. म्हणून हे पत्र. फोनवर खोटं बोलायला नुसती जीभ हलवायची, पत्रात खोटं लिहायचं म्हणजे हात दुखतो. आता तुम्ही लिहा.

माझं काम तेच, मोठ्या लाईनचे टॉवर उभे करायचे. वर चढून बोल्ट आवळायचे. अख्ख्या गँगमधी मराठी म्या एकटा. मुकादम झारखंडचा, मला उस्मानाबादी म्हणून हाक मारतो. म्या सांगितलं की आता जिल्ह्याचं नाव धाराशिव हाय. तो म्हणला, त्याच्या गावात उस्मानाबादी म्हणजे बोकड, आणि चढण्यात तू बोकडापेक्षा कमी न्हाय. मायला सांगा, पोरानं नाव काढलं.

आता मुद्द्याचं. तिसरा किमो झाला हे ऐकलं. चौथा कधी हाय? हात सुजतो का? ऑपरेशन झालं तेव्हा म्या बार्शीला दवाखान्यात तुमच्या खाटंजवळच उभा व्हतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं व्हतं, गाठ काढली त्या बाजूच्या हातानं जड उचलायचं न्हाय आणि तो हात आगीच्या धगीला न्यायचा न्हाय. खव्याच्या भट्टीपुढं बसून धगीपासून लांब कसं राहायचं, ते मात्र बाईंनी सांगितलं न्हाय. त्यांना बिचारीला काय ठाऊक, तुम्ही दवाखान्यातून आल्या दिवशी उलथनं हातात घेणार हाय म्हणून.

वहिनी, इलाज पुरा होस्तवर भट्टी बंद करा. म्या आजवर इतके धंदे सोडले, तिरुपूर सोडलं, पुण्याचं हॉटेल सोडलं, हार्वेस्टर सोडलं, काय मेलो का? तुम्ही एक भट्टी चार महिने सोडा.

सृष्टीला म्हणावं, दहावीचं वरीस हाय, काकावर जाऊ नको. माया हाय तेवढी पाठवत राहावी, टपालात हरवत न्हाय.

तुमचा,
योगीराज


॥ श्री ॥

ईट, ता. भूम
ता. १६ ऑगस्ट २०२४

चि. योगीराज यास,
दैवशालाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सृष्टीनं मोठ्यानं वाचलं. बोकडाचं ऐकून आत्याबाई इतक्या हसल्या की ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाल्या, मुकादमाला आमचं पोरगं चार महिन्यांत कळलं, आम्हाला चोवीस वर्षं लागली.

भट्टी सोडा म्हणतोस. धंदे सोडणं तुला सोपं, कारण तुझ्या धंद्याचं दूध नसतं. माझ्या दारात रोज दिवस उगवायला बारा घरचं दूध येतं. म्हशीला सोमवार-मंगळवार कळत नाही. दोन दिवस मी दूध घेतलं नाही तर तिसऱ्या दिवशी ते डेअरीच्या टाकीवर जातं. डेअरीवाले पेंड उधार देतात. एकदा त्यांच्या पेंडीला तोंड लागलं की ते घर परत माझ्या दारात येत नाही. आणि डेअरीला नाही गेलं तर जाईल कुठं? स्टँडामागं सिद्रामप्पाच्या भट्टीवर. माझं दूध त्या माणसाच्या कढईत पडलेलं मला बघवणार नाही.

तुला आठवत असेल का नाही कोण जाणे. मी नवी नवरी होते तेव्हा यानं व्यापाऱ्याला सांगितलं होतं की हरणाबाईच्या सुनेच्या खव्यात मैदा असतो. मी भर बाजारात गोळा घेऊन गेले आणि सगळ्यांदेखत त्यावर आयोडीनचं टिंचर टाकलं. मैदा असता तर निळा पडला असता. नाही पडला. तिथं थांबले असते तर बरं झालं असतं. मी त्याच्या गोळ्यावर पण टाकलं. तोही नाही पडला. लोक हसायला लागले, कोणाला हसले ते अजून कळलं नाही. तेव्हापासून बोलचाल बंद.

माझी तब्येत बरी आहे. केस गेले. पदर डोक्यावरून घ्यायची सवय होतीच, म्हणून कुणाला फारसं कळत नाही. हात संध्याकाळी जड होतो, उशीवर ठेवून झोपते. तोंडाला लोखंडाची चव असते. सृष्टीनं चहा ठेवला तरी मला करपल्यासारखा वास येतो, पोरगी चिडते. हे जाईल म्हणतात. चौथा सोमवारी होता, पण रक्तात पांढऱ्या पेशी कमी आल्या म्हणून पुढं गेला. तेवढ्यात गौरी-गणपतीच्या ऑर्डरी निघतील. एका दृष्टीनं बरंच झालं.

तुझे दादा बरे आहेत. गाडीवर किटल्या बांधून फिरतात, पहिल्यापेक्षा कमी बोलतात. तू उंचावर काम करतोस, पट्टा बांधत जा. घरी आल्यावर भांडायला माणूस लागतं, तेवढ्यासाठी तरी.

दैवशाला


बाजारगाव, अरुणाचल
ता. १ सप्टेंबर २०२४, रविवार

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल कॅम्पवर मिळालं. वाचून बरं वाटलं. आज गाडीत नंबर लागला, फोन लावला, आणि मग बरं वाटायचं राहिलं.

दादा किटल्या घेऊन गेलेला. तुम्ही आडव्या पडल्या व्हत्या. सृष्टीनं फोन मायला दिला. मायला म्या विचारलं की वहिनीच्या पांढऱ्या पेशी आता कशा हायेत. माय म्हणली, कसल्या पेशी, ती गेलीच न्हाय. रक्त दिलं न्हाय, बार्शीची गाडी धरली न्हाय, सोमवारी सकाळी कढई ठेवली आणि गौरी झाल्यावर बघू म्हणली. दादा उंबऱ्यात पिशवी घेऊन उभा व्हता, तो तसाच पिशवी घेऊन आत गेला. दादा तुम्हाला भितो हे गावाला ठाऊक हाय, पण इतका भितो हे मला नव्हतं ठाऊक.

वहिनी, म्या लिहिलं व्हतं की पत्रात खोटं लिहायला हात दुखतो. तुमचा दुखला न्हाय का?

आता दुसरं. हे तुम्हाला घरात कुणी सांगणार न्हाय, म्हणून म्या सांगतो. तुम्हाला सगळ्यालाच करपल्याचा वास येतो. म्हणून तुम्ही कढई लवकर उतरवताय. खवा ओला राहतो. बार्शीपर्यंत जातो, पुण्याला पोचस्तवर आंबतो. दोनदा डबे परत आले. दादानं ते शेतातल्या शेडमधी ठेवले, तुमच्या नजरंला पडू दिले न्हाईत. आता तुम्ही दुपारच्या पडल्या की दादा सगळे गोळे परत कढईत टाकतो, माय शेजारी बसून वास घेते, ती काढ म्हणली की काढतो. मग तो खवा गाडीत जातो. ज्या भट्टीसाठी तुम्ही किमो सोडला, ती भट्टी तुम्ही झोपल्यावर चालते.

लिहू का नको म्हणून म्या लई वेळ हॉटेलात बसलो. चहावाल्यानं दोनदा विचारलं, आणखी काय पाहिजे का. शेवटी वाटलं, तुमच्या तोंडावर सगळे गोड बोलायला लागले, म्हणजे तुम्हाला आत्ताच मेलेलं धरल्यासारखं हाय. म्या न्हाय धरत. मायला रागवू नका, तिच्या तोंडून निघून गेलं. माझ्यावर रागवा, म्या लांब हाय, मला लागत न्हाय.

गौरी झाल्या की पहिल्या सोमवारी जावा. शिव्या द्यायच्या तर पत्रातून द्या, पण पत्र पाठवा.

योगीराज


बाजारगाव, अरुणाचल
ता. १ सप्टेंबर २०२४

श्री. सिद्रामप्पा काका यांस,
धनाजीचा धाकटा भाऊ योगीराज याचा नमस्कार.

तुमची आणि आमच्या घराची बोलचाल बंद हाय. पण टिंचरच्या दिवशी म्या आठ वर्षांचा व्हतो आणि बाजारात भजी खात व्हतो, म्हणून मला त्या भांडणात धरू नका.

आमच्या वहिनीला कॅन्सरचा इलाज चालू हाय हे तुम्हाला माहीत असणार, ईटमधी काय झाकून राहतं. किमो झाला की आठवडाभर तिला उठता येत न्हाय. दूध घेतलं न्हाय तर डेअरीला जातं, म्हणून तिनं किमोच चुकवला. डेअरीत गेलेलं घर परत येत न्हाय हे तुम्ही तिच्यापेक्षा जास्त वर्षं बघताय.

माझं म्हणणं एवढंच. किमोच्या आठवड्यात आमचं बारा घरचं दूध तुम्ही घ्या. आठवडा सरला की परत आमच्याकडं लावून द्या. पेरणीला दोन घरं सावड करतात, आज तुझ्या रानात उद्या माझ्या, तसंच. तुमची अडचण आली की आम्ही तुमचं दूध घेऊ. भट्टीची सावड कुणी ऐकली नसंल, पण बैलाची होते तर दुधाची का न्हाय?

हे म्या लिहिलं असं वहिनीला कळू देऊ नका. ती मला घरात घेणार न्हाय.

आपला,
योगीराज


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

ईट
ता. १३ सप्टेंबर २०२४

चि. योगीराज यास,
सिद्रामप्पाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर वाईट आहे, डोकं बरं आहे.

तुझ्या वहिनीवर दया म्हणून मी काही करणार नाही, तसं मनात आणू नको. पुण्याच्या व्यापाऱ्याचा मला फोन आला होता. तो म्हणाला, ईटचा खवा आंबतोय. दैवशालाचा खवा आंबतोय असं नाही म्हणाला. त्याच्या दृष्टीनं तुमची कढई काय आणि माझी काय, डब्यावर गाव एकच लिहिलेलं. तीस वर्षं मी धूर खाल्ला तो याच्यासाठी नाही.

दूध घेईन. पण तू म्हणतोस तसं चोरून घेणार नाही. ज्या घरी दूध जायचं त्या घराला न सांगता त्याच्या किटल्या वळवणारा मी माणूस नाही. तुझं पत्र खिशात घालून जाणार आहे. तुला घरात घेतील का नाही हे तुझं तू बघ.

गौरी कालच उठल्या. उद्या जातो. त्या दारात जायला सोळा वर्षं लागली, आणखी एक रात्र जाऊ दे.

शिकला असतास तर वकील झाला असतास, म्हणजे गावाचं नुकसानच.

सिद्रामप्पा


ईट
ता. १८ सप्टेंबर २०२४

योगीराज यास,

आशीर्वाद लिहिणार नव्हते. हात आपोआप वळला तर खोडून टाकला, डाग दिसत असेल.

तू कोण माझ्या आजाराची दवंडी पिटणारा? गावात दोनशे घरं आहेत, तुला तेच एक सापडलं? माझी गाठ, माझा किमो, माझं झोपणं, सगळं एका कागदावर लिहून तू त्या माणसाच्या खिशात दिलंस. तोच कागद हातात धरून तो माझ्या अंगणात उभा होता. मी डोक्याचा पदर आणखी पुढं ओढला.

तुझं आधीचं पत्र त्याच्या दोन दिवस आधी आलं होतं. वाचलं आणि चुलीत घालणार होते. खवा आंबतो हे मी मानलंच नाही. वाटलं, तुला भट्टी बंद करायची आहे म्हणून काहीही लिहितोस. मग म्हटलं बघू. सकाळच्या गोळ्यातला मूठभर कापडात बांधून फळीवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सृष्टीच्या हातावर दिला. कसा आहे सांग म्हटलं. तिनं तोंडात टाकला, आणि चव सांगायच्या आधी आजीकडं बघितलं. मग म्हणाली, छान आहे आई.

पोरगी माझ्याकडं बघून खोटं बोलायला शिकली. मी उठले. शेडमध्ये गेले, डबे पाहिले. तुझे दादा मागं येऊन उभे राहिले. मी विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, श्रावणापासून. मग तेच रडायला लागले आणि मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. हे तुझ्या लांब बसून खरं बोलण्याचं फळ.

आता त्या माणसाचं. तो आत आला नाही, चप्पलही काढली नाही. माझ्याशी बोलला नाही. आत्याबाईंना म्हणाला, हरणाबाई, तुमच्या सुनेला सांगा, गावाचं नाव बुडवायचा तिला अधिकार नाही. मी आत्याबाईंना म्हटलं, त्यांना सांगा, मैद्याचं नाव घेऊन आधी कोणी बुडवलं. तो म्हणाला, सांगा तिला, ती माझी चूक होती, पण माझ्या गोळ्यावर टिंचर टाकायची काही गरज नव्हती. मी म्हटलं, सांगा, ती माझी चूक होती. तिघांत दोन हाताचं अंतर, आणि आत्याबाई एकदा इकडं एकदा तिकडं मान फिरवत राहिल्या. शेवटी त्या चिडल्या. म्हणाल्या, माझी मान दुखते, तुम्ही दोघं आपापलं बोला.

ठरलं ते असं. किमोच्या सोमवारपासून आठवडाभर आपल्या किटल्या त्याच्या भट्टीवर जातील. दूधवाल्यांना तो स्वतः सांगेल की ही सावड आहे. मार्गशीर्षात त्याला त्याची भट्टी पाडून नवी बांधायची आहे, तेव्हा त्याचं सगळं दूध आपण आटवायचं. फुकट मी काही घेतलेलं नाही, हे नीट समजून घे.

तो गेल्यावर लक्षात आलं की आता मला सोमवार चुकवायला कारणच उरलं नाही. तेव्हा सगळ्यात जास्त तुझा राग आला.

येत्या सोमवारी जाणार आहे. डॉक्टरीणबाई बोलतील ते ऐकून घेईन. तू मात्र पुन्हा माझ्या नावानं गावात कुणाला पत्र लिहायचं नाही.

दैवशाला


कॅम्प
ता. ३० सप्टेंबर २०२४

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. (खोडू नका.)

तुमचं पत्र मिळालं. आशीर्वादावरचा डाग उजेडात धरून बघितला, खाली अक्षरं दिसतात. त्यावरच भागवतो.

चुकलं म्हणून लिहू का, म्हणून विचार केला. तुम्ही डोक्यावरचा पदर पुढं ओढला ते वाचलं तेव्हा चुकलंच वाटलं. पुढं सोमवार वाचला तेव्हा न्हाय वाटलं. आता एकाच कागदावर दोन्ही कसं लिहावं, ते आठवीपर्यंत शिकवत न्हाईत.

दादा रडला ते परत परत वाचलं. मुकादमानं विचारलं, घरचं पत्र हाय का. म्या मान हलवली. तर त्यानं मला त्या दिवशी वर चढू दिलं न्हाय, खाली बोल्ट मोजायला बसवलं. बसून बसून माझे पाय वळवळायला लागले. वरच्या टोकाला म्या दिवसभर राहीन, पण जमिनीवर एका जागी बस म्हणलं की मला घाम फुटतो. शाळा बी त्यानंच सुटली.

म्या काय म्हणतो, दिवाळीला येतो आणि भट्टी सांभाळतो. इलाज संपस्तवर राहतो. तुम्हीच शिकवलेलं हाय, विसरलो न्हाय. दादानं दूध आणायचं, म्या कढई, मायनं वास. तुम्ही झोपायचं. मुकादमाला सांगून ठेवलंय, तो म्हणला माणूस मिळंल, बोकड मिळणार न्हाय.

किमो कसा झाला ते लिहा. बाई किती बोलल्या? उलट्या झाल्या का? खरं लिहा, आता तुमच्याजवळ खोटं शिल्लक नसंल.

राग निवला असंल तर कळवावं, नसंल तरी कळवावं.

योगीराज


॥ श्री ॥

ईट
ता. १३ ऑक्टोबर २०२४

चि. योगीराज यास,
अनेक आशीर्वाद. (खोडलेला नाही.)

काल दसरा झाला. सोनं वाटायला सिद्रामप्पा आत आला, चप्पल काढून. आपट्याचं पान मला न देता आत्याबाईंच्या हातात दिलं आणि सुनेला द्या म्हणाला. सवय झालीय त्याला.

चौथा झाला. डॉक्टरीणबाई फार बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, सहा आठवडे उशीर झाला, आता एकही चुकवायचा नाही. हे औषध वेळच्या वेळी घेतलं तरच काम होतं, मधे खंड पडला तर घेतलेलं वाया जाऊ शकतं. मी म्हटलं, कळलं, दुधासारखंच आहे. त्यांना ते कळलं नाही.

पहिले चार दिवस वाईट गेले. उलट्या, पायात गोळे, तोंडात फोड. सकाळी जाग यायची आणि अंगणात किटल्यांचा आवाज नसायचा. पहिल्या दिवशी मी उठून बसले, वाटलं काहीतरी घडलंय. मग आठवलं आणि परत आडवी झाले. लग्न झाल्यापासून ऊन अंगावर येईपर्यंत झोपले नव्हते, त्या आठवड्यात झोपले.

आठव्या दिवशी किटल्या परत आल्या. अकरा घरच्या. बलभीम डेअरीला गेला. सिद्रामप्पानं त्याला दारात जाऊन सांगितलं, तरी गेला. त्याच्या पोराला डेअरीत चिकटवतो म्हणालेत. जाऊ दे. मला वाटलं होतं एक घर गेलं तर माझा जीव जाईल. गेलं, आणि मी दुपारी भाकरी खाल्ली.

चांगल्या आठवड्यात मी कढईपुढं बसते, पण डाव्या हातानं काही धरत नाही. उतरवायची वेळ आत्याबाई सांगतात. त्यांचं काढ म्हणणं माझ्या हिशेबानं उशिराचं असतं, खवा तांबूस येतो, रोज भांडण होतं. पुण्याहून डबे परत आलेले नाहीत. यावर मी जास्त काही लिहिणार नाही, त्या हे पत्र सृष्टीकडून वाचून घेतील.

आता तुझं. भट्टी सांभाळायला येतो म्हणतोस. येऊ नको. तू तीन आठवडे बसशील, मग पाय वळवळतील, मग कुणीतरी तुला आंध्रात बोअरवेलवर माणूस पाहिजे म्हणून सांगेल. हे टोचायला लिहीत नाही, तुझा स्वभाव आहे. आणि खरं सांगू का, भट्टीला आता माणसं पुष्कळ झालीत. दादा आहेत, आत्याबाई आहेत, सिद्रामप्पा आहे. तू अरुणाचलातून दुधाची व्यवस्था केलीस. सगळे भट्टीसाठी धावले.

उद्या पाचवा आहे. तुझे दादा मला पहाटे बार्शीला दवाखान्याच्या दारात सोडतात आणि दूध गोळा करायला माघारी येतात. सावड असली तरी किटल्या सिद्रामप्पाच्या भट्टीवर त्यांनाच पोचवाव्या लागतात. आत्याबाईंना प्रवास होत नाही. सृष्टीची शाळा. मी एकटी असते. भीती वाटत नाही, पहिल्या वेळेसारखी तर नाहीच. नर्स ओळखीच्या झाल्यात.

तिथं प्रत्येक खुर्चीशेजारी एक स्टूल असतं, बरोबरच्या माणसासाठी. माझ्या पलीकडं परंड्याची एक बाई असते, तिचा नवरा तिला पेपर वाचून दाखवतो, मरणाच्या बातम्या गाळून. अलीकडं एक म्हातारी, तिच्याबरोबर तीन सुना येतात आणि एकाच स्टुलावर आळीपाळीनं बसतात. माझ्या स्टुलावर मी पिशवी ठेवते. नाहीतर कुणीतरी विचारतं, हे रिकामं आहे का.

सहावा, शेवटचा, दिवाळी झाल्यावर सोमवारी आहे, चार नोव्हेंबरला. त्यानंतर लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायची का ते ठरवणार आहेत.

भट्टीसाठी येऊ नको. यायचंच असलं तर त्या सोमवारी ये.

पट्टा बांधतोस ना?

दैवशाला


बाजारगाव, अरुणाचल
ता. २५ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. वहिनीस,
योगीराजचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा मिळालं. एकदाच वाचलं. काल पगाराचा हिशेब केला, आज रेशनच्या गाडीत बसून खाली आलो, उद्या सकाळी गुवाहाटीची बस हाय. तिथून रेल्वे. हे पत्र तुमच्या हातात पडायच्या आधी कदाचित म्याच दारात उभा असंन, तरी टाकतो. न सांगता आलो तर तुम्ही म्हणाल, पळून आला.

पट्टा बांधत व्हतो. आज मुकादमाकडं जमा केला.

दिवाळीला भट्टीकडं फिरकणार न्हाय. माय आणि तुम्ही कढईवरनं भांडा, म्या मधी पडणार न्हाय. सिद्रामप्पा काकांना भेटून अक्षर सुधारलंय का ते दाखवीन, तेवढंच.

चार तारखेला दादानं दूध गोळा करायला जावं, त्याला बार्शीला यायची गरज न्हाय. आपण पहाटंच्या एसटीनं जाऊ. म्या पेपर वाचीन, पण माझं वाचन सावकाश हाय, आणि मरणाच्या बातम्या गाळता येतील का सांगता येत न्हाय, कारण पुढं काय लिहिलंय ते मला वाचल्याशिवाय कळत न्हाय. तुम्हाला चालंल का ते बघा. न्हाय तर नुसतं बसू.

एकच विनंती. सलाईन संपायला किती तास लागतात, ते मला आधी सांगू नका.

तुमचा,
योगीराज